कवीश्वरांचा अनुताप

माजलगावची सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीस मिळते. वरच्या अंगास पांचाळेश्वरचे आत्मतीर्थ आहे, आणि पैलतीरी उत्तरेस परभणी जिल्ह्यातील बोरी हे गाव. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या परिभ्रमणाने पावन झालेल्या या गंगातीराच्या प्रदेशातच कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांचे घराणे होते. संस्कृत काव्यशास्त्रात निष्णात असलेल्या या पंडितांनी श्रीनागदेवाचार्यांचे शिष्यत्व पत्करले. आचार्यांच्या व बाइदेवबासांच्या पश्चात् मार्गाची धुरा त्यांच्याकडे आली आणि कवीश्वर आम्नाय त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. एवढ्या थोर पुरुषाच्या चरित्रात खिन्नतेला जागा कोठून असणार, असे भाविकास वाटते. तथापि तसा एक प्रसंग आहे.

भास्करभट्टांनी ‘शिशुपाळवध’ हे 1087 ओव्यांचे काव्य रचिले. विषय श्रीकृष्णचरित्राचा, वाणी रसाळ, परंतु ग्रंथाचा मोठा भाग श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या प्रणयाने आणि विरहाने व्यापलेला असून शिशुपाळाचा वध शेवटी थोडक्यात उरकला आहे. ग्रंथ त्यांनी गुरुबंधूस दाखविला. गुरुबंधूने काव्याची वाखाणणी केली. मात्र हे काव्य संसारातील रसिकास शोभेल, निवृत्तीच्या वाटेने निघालेल्या साधकास उपयोगी पडणार नाही, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

ज्याने घरदार त्यागून अनुसरण घेतले, त्यास याहून जिव्हारी लागणारा बोल कोणता? रचनेत उणे काढले असते तर पंडिताने शास्त्रार्थ केला असता. येथे बोट ठेवले गेले ते कवीच्या चित्तवृत्तीवर. अशा वेळी मन आतल्या आत बोलू लागते: आपला त्याग वरवरचा, आपली वाणी विषयातच रमणारी, आपण या मार्गास अयोग्य. हे बोलणे नम्रतेचे वस्त्र पांघरून येते, म्हणून साधक त्यास ओळखत नाही. वस्तुतः ‘मी थोर’ यात जो ‘मी’ आहे तोच ‘मी अयोग्य’ यातही ठाण मांडून असतो. जीवाचा अधिकार जोखणे हे परमेश्वराचे काम. ते जीवाने स्वतःकडे घेतले की तो विकल्प होतो. अनुतापाची रीत निराळी. तो घडलेल्या कृतीकडे पाहतो आणि पुढची कृती मागतो.

परंपरेने कवीश्वरांच्या मनातील शब्द जपलेले नाहीत, कृती जपली आहे. त्यांनी वादही केला नाही आणि लेखणीही टाकली नाही. गुरुबंधूचा बोल खरा मानून ते पुन्हा लिहावयास बसले. या वेळी त्यांनी श्रीमद्भागवताचा एकादश स्कंध घेतला आणि त्यावर 827 ओव्यांची ‘उद्धवगीता’ सिद्ध केली. ही निवड विचार करण्याजोगी आहे. श्रीकृष्ण निजधामास जाणार हे कळल्यावर उद्धव व्याकुळ होतो. सर्वसंग सोडून विचरावे अशी आज्ञा होते. परंतु आपले मन विषयांत गुंतलेले आहे, आपणास हे कसे साधावे, अशी कबुली तो देतो. मात्र तेथे तो थांबत नाही, प्रश्नामागून प्रश्न विचारीत जातो, आणि त्या प्रश्नांतूनच ज्ञान, वैराग्य व भक्तीचे निरूपण उलगडते. ज्या कवीवर विषयासक्तीचा ठपका आला, त्याने तीच कबुली देणारा भक्त आपल्या ग्रंथासाठी निवडला!

येथे कवी नरेंद्रांचे स्मरण होते. रामदेवराव यादवाने सुवर्ण देऊ करूनही त्यांनी आपल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’वर राजाचे नाव घालू दिले नाही, अशी आख्यायिका आहे. राजास नकार देणे कठीण खरेच. स्वतःच्या काव्यातील उणीव मान्य करून नवे काव्य आरंभणे त्याहून कठीण.

विशेष म्हणजे ‘शिशुपाळवध’ नष्ट केला गेला नाही. वि. भि. कोलते यांनी 1935 साली भास्करभट्टांच्या चरित्राचे व काव्याचे विस्तृत विवेचन प्रसिद्ध केले, तोवर सुमारे सहा शतके हे दोन्ही ग्रंथ मठामठांतून उतरून घेतले जात होते. मार्गाने ज्या सात काव्यांस ‘साती ग्रंथ’ म्हणून मान दिला, त्यांत ‘उद्धवगीता’ आहे आणि ‘शिशुपाळवध’ही आहे.