आचार्य धर्मानंद कोसंबी : धम्माचा शोध आणि स्वातंत्र्याची लढाई



संध्याकाळी दिवेलागणीला तुम्ही तथागतांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावता, हात जोडता आणि त्रिशरण-पंचशील म्हणता. तुमच्या मांडीवरचे मूलही बोबड्या बोलांत ते पाली शब्द उच्चारते. ज्या भाषेत तुमचे मूल वंदना म्हणते, ती भाषा शिकण्यासाठी एका माणसाला घरदार सोडावे लागले, भीक मागावी लागली आणि शेवटी समुद्र ओलांडून परक्या देशात जावे लागले, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? त्या माणसाचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांची ओळख पंडित म्हणून सांगितली जाते. पण ते इंग्रजांच्या तुरुंगात गेलेले स्वातंत्र्यसैनिकही होते. धम्माचा शोध आणि देशाची लढाई ही दोन्ही कामे त्यांनी एकाच आयुष्यात कशी केली, हे आपण पाहू.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घर सारस्वत ब्राह्मणाचे. नारळीच्या बागा हेच घरचे उत्पन्न. प्रकृती नाजूक असल्यामुळे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी कधीच दिली नाही. लहान वयातच बाळाबाईंशी लग्न झाले. दिवसा बागेची राखण आणि मिळेल त्या वेळी वाचन, असा त्यांचा क्रम होता. तुकोबांच्या अभंगांनी त्यांच्या मनाला धीर दिला. पुढे एका मराठी मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या दिवसापासून त्यांचे चित्त गावात रमेना. बुद्धाने खरोखर काय सांगितले ते मुळातून समजून घ्यावे, नाहीतर जगण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटू लागले.

१८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली होती. तान्हे मूल आणि तरुण पत्नी मागे ठेवून हा माणूस निघून गेला, तो सुमारे सात वर्षे परतला नाही. भगिनींनो, थोरांची चरित्रे वाचताना ही बाजू आपण झाकून ठेवू नये. कोसंबींच्या विद्येची किंमत बाळाबाईंनीही मोजली आहे.

ते पुण्याला आले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पण पाली शिकवणारा गुरू पुण्यात मिळाला नाही. मग ग्वाल्हेर करून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. इथे थोडे थांबा आणि विचार करा. त्या अन्नछत्राची आणि त्या पाठशाळेची दारे कोसंबींना उघडी होती, कारण ते जन्माने ब्राह्मण होते. तीच ज्ञानाची भूक घेऊन आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी तिथे गेला असता, तर त्याला उंबरठ्याजवळही उभे राहू दिले नसते. कोसंबींचे कष्ट खरे होते, आणि आपल्यापुढची बंद दारेही खरी होती. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्या तरच हे चरित्र नीट समजते.

काशीत संस्कृत मिळाले, पण बुद्ध मिळाला नाही. कोणीतरी नेपाळात बौद्ध धर्म आहे असे सांगितले म्हणून १९०२ साली ते पायपीट करीत काठमांडूला गेले. तिथे जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. तिथून बुद्धगयेला आले. तेव्हा त्यांना कळले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला हवे. ज्या भूमीत तथागतांना बोधी प्राप्त झाली, त्या भूमीत त्यांची शिकवण शिकवणारा कोणी नाही आणि ती समुद्रापलीकडे जिवंत आहे, केवढी ही शोकांतिका! कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते कोलंबोला पोहोचले. तिथल्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. ग्रंथ सिंहली लिपीत, म्हणून आधी ती लिपी शिकले. तिथून ब्रह्मदेशात गेले, तेव्हा ब्रह्मी लोकांची लिपी शिकले. तिथे भिक्खू म्हणून राहिले, ध्यान केले आणि अट्ठकथांसह ग्रंथ वाचले. अशी वर्षे काढून ते १९०६ साली कलकत्त्याला आले आणि त्यांनी चीवर उतरवले. जे मिळवले ते आपल्या लोकांना द्यायचे, हा विचार त्यामागे होता.

आता ज्या काळात ते कलकत्त्यात उतरले तो काळ पाहा. १९०५ साली लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली होती. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या. सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घालून देशी लोकांनी स्वतःचे राष्ट्रीय शिक्षण उभारायला घेतले होते. १९०६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात नॅशनल कॉलेज निघाले आणि अरविंद घोष त्याचे प्राचार्य झाले. या कॉलेजात कोसंबी पाली शिकवू लागले. लक्षात घ्या, इंग्रज सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या शाळेत बुद्धाची भाषा शिकवली जाऊ लागली. पुढे आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठात पालीला स्थान दिले आणि तिथेही कोसंबींना बोलावले.

विद्यापीठात मान होता, पगारही चांगला मिळाला असता. पण कोसंबींचे मन महाराष्ट्राकडे ओढत होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देण्याचे कबूल केले. अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. कोसंबींनी कलकत्त्याचा मोठा पगार सोडला आणि हे ५० रुपये पत्करले. मराठी माणसाला मराठीत बुद्ध सांगायचा, एवढाच त्यांचा हिशेब होता. हेच ते सयाजीराव, ज्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आपले बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले. एकाच दात्याच्या हातून महाराष्ट्राला दोन वाटांनी धम्माकडे नेणारी मदत झाली, हा योगायोग आपण विसरू नये.

कोसंबी स्वतः १९१० साली अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठात वॉरन नावाच्या पंडिताने बुद्धघोषाचार्यांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाचे काम हाती घेतले होते, ते त्याच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिले होते. ते पुरे करायला मॅट्रिकही न झालेला हा गोवेकर बोलावला गेला! तिथे मतभेद झाले, तेव्हा १९१२ साली ते परत आले. या कामासाठी ते पुढे आणखी तीन वेळा अमेरिकेला गेले. त्यांनी संपादिलेला विसुद्धिमग्ग नागरी लिपीत १९४० साली निघाला. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली, पण ती पाहायला ते राहिले नव्हते.

१९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. ज्या पुण्यात त्यांना गुरू मिळाला नव्हता, त्याच पुण्यात ते स्वतः गुरू झाले. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे विद्वान त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पुढे गांधीजींनी असहकाराच्या काळात १९२० साली अहमदाबादेस गुजरात विद्यापीठ काढले. सरकारचा पैसा नाही, सरकारची मान्यता नाही, असे हे विद्यापीठ. १९२२ पासून काही वर्षे कोसंबी तिथे राहिले. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडलाही जाऊन आले. क्रांतीनंतरचा तो देश त्यांनी जवळून पाहिला. श्रमणाऱ्या माणसाला न्याय देणाऱ्या समाजवादाची ओढ त्यांना होतीच.

आणि मग १९३० साल उजाडले. मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला. कोसंबींचे वय ५३ वर्षांचे होते. ग्रंथात डोके खुपसून बसले असते तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. पण ते शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरले, मुंबईत विलेपार्ल्याच्या छावणीची जबाबदारी त्यांनी घेतली, स्वयंसेवक जमवले. सरकारने त्यांना पकडून ठाण्याच्या तुरुंगात टाकले.

वाचकहो, त्याच १९३० सालच्या मार्च महिन्यात नाशिकला काळाराम मंदिराच्या दारापुढे आपली माणसे सत्याग्रहाला बसली होती. एकीकडे मिठासाठी परकीय सरकारशी लढा, दुसरीकडे माणूस म्हणून जगण्यासाठी आपल्याच देशबांधवांशी लढा. पहिल्या लढ्याला सारा देश डोक्यावर घेत होता. दुसऱ्या लढ्यातल्या माणसांवर दगड पडत होते. स्वराज्य आले तर त्यात आमचे काय, हा बाबासाहेबांचा प्रश्न त्यातूनच धारदार झाला आणि तो त्यांनी त्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत जगापुढे ठेवला. कोसंबी पहिल्या लढ्यातले शिपाई होते. पण दुसऱ्या प्रश्नाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही, हेच त्यांचे वेगळेपण.

१९३५ साली त्यांचा हिंदी संस्कृति आणि अहिंसा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैदिक, श्रमण, पौराणिक आणि पाश्चात्त्य अशा संस्कृतींची त्यांनी त्यात कठोर तपासणी केली. पुरोहितशाहीने या देशाचे काय केले ते त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. परकीयांचे राज्य जावे, पण त्या जागी आंधळा राष्ट्राभिमान बसू नये. अहिंसा हवी, पण तिच्या जोडीला प्रज्ञा हवी, नाहीतर ती लुळी पडते, असा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. शील आहे पण प्रज्ञा नाही, तर माणूस फसवला जातो. प्रज्ञा आहे पण शील नाही, तर माणूस दुसऱ्याला फसवतो. धम्माचे हे माप त्यांनी देशाच्या राजकारणाला लावून पाहिले.

मग ते परळच्या कामगारवस्तीत राहायला आले. १९३७ च्या सुमारास, जुगलकिशोर बिर्लांच्या देणगीतून तिथे विहार उभा राहिला. कोसंबींनी त्याला नाव दिले बहुजन विहार. बहुजन हा शब्द तथागतांनी पहिल्या भिक्खूंना चारिकेला पाठवताना वापरला होता. हार्वर्डला मान मिळवलेला पंडित गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात, मजुरांच्या शेजारी राहिला, ही गोष्ट साधी नाही.

१९४० साली त्यांचे भगवान बुद्ध हे चरित्र मराठीत आले. त्यात त्यांनी चमत्कार बाजूला सारले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ एकाएकी घर सोडून गेला, ही गोष्ट त्यांच्या चिकित्सेत टिकली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण, त्यासाठी उपसली जाणारी शस्त्रे, याकडे त्यांनी बोट दाखवले. बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ तुमच्या घरी असेल. त्यात सिद्धार्थाने घर का सोडले ते पुन्हा वाचा. तिथेही तुम्हांला रोहिणीचेच पाणी वाहताना दिसेल.

उतारवयात कोसंबींचे शरीर आजारांनी थकले. आता आपल्या हातून काम होत नाही, उगाच दुसऱ्यावर भार कशाला, असा विचार करून त्यांनी अन्न सोडायचे ठरवले. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी उपवास सोडला. पण पुढे सेवाग्रामला येऊन पुन्हा अन्नत्याग केला आणि जून १९४७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीला कमीत कमी खर्च व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला, म्हणून या शेवटाचे अनुकरण आपण करू नये. आपल्या घरातल्या थकल्या माणसाला तो भार आहे असे कधी वाटू देऊ नये, हाच धडा आपण घ्यावा.

त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत देश स्वतंत्र झाला. त्यांचा गोवा मात्र १९६१ साली सुटला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो माणसांना धम्माची दीक्षा दिली. कोसंबींनी ग्रंथांतून बुद्ध मराठीत आणला, पण तो घराघरात नेणे एकट्या पंडिताला शक्य नव्हते. ते काम ज्यांना शतकानुशतके अक्षरही शिकू दिले नव्हते, त्या माणसांनी बाबासाहेबांच्या मागे जाऊन केले. ती माणसे म्हणजे तुमचे-आमचे आईवडील.

म्हणून एक विनंती आहे. २०२४ साली भारत सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आता पाली शिकायला कोलंबोला जावे लागत नाही, अन्नछत्रात जात सांगावी लागत नाही. तरीही आपल्यातले कितीजण रोज म्हणतो त्या वंदनेचा अर्थ सांगू शकतील? न समजता म्हटलेली वंदना आणि न समजता म्हटलेला मंत्र यांत फरक तो काय राहिला? आज रात्री वंदना झाल्यावर मुलांना जवळ बसवा. एक ओळ घ्या, तिच्यातला एकेक शब्द सोडवा, त्याचा अर्थ विचारा. तुम्हांला येत नसेल तर मुलांबरोबर शिका. ज्या शब्दांसाठी एक माणूस सात वर्षे वणवण फिरला, ते शब्द तुमच्या घरात रोज संध्याकाळी येतात. त्यांना नुसते ओठांवर ठेवू नका.

जय भीम!