मातीतला धन्वंतरी

माझं माहेर चिंचवडचं. लहानपणी आमच्या घरात एका काकूंना छातीचं दुखणं झालं होतं. दुखणं म्हणायचं, क्षय हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. त्यांचं ताट-भांडं वेगळं, अंथरूण माडीवर आणि आम्हा पोरांना जिना चढायची बंदी. एक कंपाउंडर सायकलवरून यायचे आणि सुई टोचून जायचे. काकू बऱ्या झाल्या, पुढे त्यांनी नातवंडांची लग्नंही पाहिली. ती सुई स्ट्रेप्टोमायसिनची होती, हे मला फार उशिरा कळलं. आणि ज्या औषधाने काकूंना परत खाली आणलं, ते कधीकाळी आमच्या शेजारच्या पिंपरीतच, एच.ए. कंपनीत तयार होत होतं, हेही!

आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे, ते या औषधाशी कायमचे जोडले गेलेले शास्त्रज्ञ, सेलमन वाक्समन. साऱ्या जगात त्यांचं नाव झालं. पण मैत्रिणींनो, या गोष्टीत ज्यांचं नाव झालं नाही, अशी माणसंही पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी आपल्यासारख्याच बायका होत्या.

वाक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ चा, युक्रेनमधल्या नोवाया प्रिलुका या खेड्यातला. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं. घर ज्यू. आई फ्रादिया कर्तबगार बाई, छोटासा व्यापार तीच सांभाळायची. सेलमनला एक धाकटी बहीण होती, मिरियम. ती लहान असतानाच घटसर्पाने गेली. घटसर्पावरचं औषध तेव्हा निघालेलं होतं, पण ते त्या आडगावापर्यंत वेळेवर पोचलं नाही. औषध असून माणूस जातं, ही बोच त्या मुलाच्या मनात घर करून राहिली.

१९०९ मध्ये आई गेली. ज्यू मुलांना तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे जवळजवळ बंदच होते. १९१० मध्ये सेलमनने अमेरिकेची बोट धरली आणि न्यू जर्सी राज्यात नातेवाइकांच्या शेतावर मुक्काम केला. तिथे माती, खत, कोंबड्या यांच्या सहवासात त्याला प्रश्न पडायला लागले. मेलेलं सगळं मातीत जातं, मग माती स्वतः कशी सडत नाही? मातीत नक्की कोण काम करत असतं? जवळच्याच रटगर्स इथे त्याने शेतकीचं शिक्षण घेतलं, १९१८ मध्ये कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन रटगर्समध्येच मातीतल्या जंतूंचा अभ्यास सुरू केला. १९१६ मध्ये लग्न झालं होतं, ते गावाकडच्या बालमित्राच्या बहिणीशी.

वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो सुंदर वास सुटतो, तो आपण सगळ्यांनीच छाती भरून घेतलेला असतो. तो वास मुख्यतः मातीतल्या अ‍ॅक्टिनोमायसिट्स नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे येतो. दिसायला ते बुरशीसारखे, पण जात जीवाणूंची. वाक्समन यांनी आयुष्यभर ज्यांचा पिच्छा पुरवला, ते हेच. मातीत मूठभर जागेसाठी जंतूंची आपापसात मारामारी चाललेली असते आणि एकमेकांना मारायला ते जी द्रव्यं सोडतात, त्यांचं माणसासाठी औषध करता येईल, असा त्यांचा तर्क होता. अशा औषधांना अँटिबायोटिक हे नाव वापरात आणलं ते वाक्समन यांनीच.

तेव्हा क्षय म्हणजे मृत्यूचं आवतणच होतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघं एकवीस. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी पाच वर्षं आधी, १८८२ मध्येच शोधला होता. पण शत्रू सापडला तरी हातात शस्त्र नव्हतं. चांगलं खाणं, मोकळी हवा आणि अंथरुणावर पडून राहणं, एवढाच इलाज. ज्यांना परवडे ते मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या सॅनेटोरियममध्ये जात. बाकीच्यांची काळजी देवाला.

पेनिसिलीन आलं, पण क्षयाच्या जंतूपुढे त्याची मात्रा चालेना. वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीचे हजारो नमुने तपासले जात होते. १९४२ मध्ये एक औषध हाती लागलं, पण ते जनावरांच्या मूत्रपिंडांना घातक निघालं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग आला आल्बर्ट शाट्झ, वय तेवीस, शेतकरी घरातला विद्यार्थी, महिना चाळीस डॉलरवर राबणारा. तळघरातल्या खोलीत तो रात्रंदिवस काम करायचा. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याला हवा तो जीव सापडला. एक नमुना भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतला, दुसरा एका कोंबडीच्या घशातला! त्यातून निघालं स्ट्रेप्टोमायसिन. क्षयाचे जंतू त्यापुढे टिकेनात.

त्याच प्रयोगशाळेत एलिझाबेथ ब्युजी नावाची मुलगी शिकत होती. शाट्झच्या निकालांची तिने स्वतंत्रपणे पडताळणी केली. जानेवारी १९४४ मध्ये शोधनिबंध छापला गेला, त्यावर तीन नावं होती: शाट्झ, ब्युजी आणि वाक्समन. पण पेटंटची वेळ आली तेव्हा दोनच नावं उरली. एलिझाबेथचं काय झालं? तिच्या मुलींनी पुढे सांगितलं ते असं, की तू काय, उद्या लग्न करून जाशील, तुला पेटंटवर नाव कशाला हवं, अशी तिची समजूत घालण्यात आली होती. वाचताना हसावं की रडावं कळत नाही. हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी, किती निमित्तांनी ऐकलेलं असेल!

काचेच्या बशीत जंतू मेले, म्हणजे माणूस वाचतो असं नाही. आधी मेयो क्लिनिकमध्ये गिनीपिगवर औषध वापरलं. गुण आला. पण पहिलं माणूस कोण? नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या एका सॅनेटोरियममध्ये एकवीस वर्षांची तरुणी क्षयाने मरणपंथाला लागली होती. आनंदीबाई गेल्या त्याच वयाची. तिला ते इंजेक्शन सुरू केलं. डोस किती द्यावा, किती दिवस द्यावा, कुणालाच ठाऊक नव्हतं. काही महिने सुया टोचून घेत ती तगली, बरी झाली, पुढे लग्न होऊन आईही झाली. आनंदीबाईंना जे मिळालं नाही, ते सत्तावन्न वर्षांनी तिला मिळालं. पण औषधाला दुसरी बाजूही होती. काहींना चक्कर येई, काहींचं ऐकणं कायमचं कमी होई. हेही कळलं ते या पहिल्या रुग्णांनी सोसलं म्हणूनच.

त्यानंतरचा प्रसंग ब्रिटनमधला, १९४७ चा. युद्धाने देश खंक झालेला, औषध थोडं आणि रुग्ण फार. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयाचे १०७ रुग्ण निवडले. बंद पाकिटातली चिठ्ठी उघडायची आणि कुणाला औषध मिळणार ते ठरवायचं. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ दगावले, विश्रांतीवाल्यांपैकी १४. औषधाची खरी पारख कशी करायची, ते जगाला या चाचणीने शिकवलं. पण एक गोष्ट मनाला खुपते. ज्यांना औषध मिळालं नाही, त्यांना आपण एका चाचणीचा भाग आहोत हे सांगितलेलंच नव्हतं.

आणखी एक धडा मिळाला. पाच वर्षांनी पाहिलं, तर दोन्ही गटांतला फरक खूपच कमी झालेला होता. एकटं औषध वापरलं की जंतू त्याला सरावतात. म्हणून दुसऱ्या औषधांची जोड द्यायची पद्धत पडली. आज क्षयावर एकाच वेळी तीन-चार औषधं देतात आणि मधेच सोडू नका म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडतात, त्यामागे त्या रुग्णांचं मोल आहे.

इकडे अमेरिकेत वाक्समन यांची कीर्ती वाढत होती. त्यांनी एक मोठं चांगलं काम केलं. औषध बनवायचा हक्क आधी मर्क या एकाच कंपनीकडे होता, तो त्यांनी आग्रह धरून सोडायला लावला, त्यामुळे अनेक कारखाने ते बनवू लागले. बहिणीच्या वेळची बोच इथे कामी आली असेल, असं मला आपलं वाटतं. पण पेटंटच्या उत्पन्नातला वाटा त्यांना मिळतोय, हे शाट्झला कळलं आणि मार्च १९५० मध्ये तो कोर्टात गेला. गुरु-शिष्याचं नातं चव्हाट्यावर आलं. वर्षअखेर तडजोड झाली, शाट्झ सहसंशोधक असल्याचं मान्य झालं, पैसाही मिळाला. तरी १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समन यांनाच. पेटंटच्या उत्पन्नातून रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभी राहिली. १६ ऑगस्ट १९७३ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. माणूस मोठा होता, पण श्रेय वाटून घेताना हात आखडला, असंच म्हणावं लागतं.

आता येऊ आपल्या पिंपरीला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये सरकारने इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली. हीच आपली एच.ए. आधी पेनिसिलीन आणि १९६० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. पिंपरी-चिंचवड कारखान्यांचं गाव झालं, त्याची सुरुवात करणाऱ्यांत ही कंपनी होती. आता तिथे पूर्वीची गजबज राहिली नाही, आणि क्षयाच्या नेहमीच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिनही मागे पडलं. त्याची जागा गोळ्यांनी घेतली.

घरातल्या बाईच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल घडला तो मद्रासमध्ये. १९५६ मध्ये तिथे एक अभ्यास सुरू झाला. क्षयाचे काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काही घरीच ठेवून औषधं दिली. निकाल असा, की घरी राहूनही माणूस जवळपास तितकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागणही होत नाही. दुखणाईत बाईला लेकरांपासून तोडून दूर पाठवायची गरज उरली नाही. हे सिद्ध केलं ते मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी.

हे सगळं आठवायचं कारण असं. मध्यंतरी ओळखीच्या एका वस्तीत फुप्फुसाच्या तपासणीसाठी बायकांना बोलावलं होतं. नळीत जोरात फुंकायचं, चुलीचा धूर आणि खोकल्याबद्दल काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि पुढे वर्षभर अभ्यासात राहायचं. निम्म्या बायका घाबरून परत गेल्या. आमच्यावर प्रयोग करता का, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्यांनी न वाचताच अंगठे उठवले. मला दोन्हींचं वाईट वाटलं.

कुणी तरी पुढे झालं नसतं, तर काकूंची सुई कधी निघालीच नसती. २०१९ मध्ये आपल्या देशात क्षयाच्या दोन लशींची चाचणी सुरू झाली, तेव्हा क्षयरोग्यांच्या घरातली बारा हजारांवर निरोगी माणसं पुढे आली. पण १९४७ सारखं कुणाला अंधारात ठेवायचे दिवस आता गेले. अभ्यास कशाचा, त्रास काय होऊ शकतो, झाला तर जबाबदारी कुणाची, माझी माहिती कुठे जाणार, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. आज हो म्हटलं तरी उद्या नाही म्हणता येतं, आणि त्यामुळे आपले नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आणि हो, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, औषधं फुकट. घरात कुणाला निघालाच क्षय, तर त्याला माडीवर कोंडू नका. खिडकी उघडा, तोंडावर रुमाल धरायला सांगा आणि गोळी चुकू देऊ नका.

यंदा पहिला पाऊस येईल, मातीचा वास सुटेल, तेव्हा छाती भरून श्वास घ्या. त्या वासात वाक्समन आहेतच. पण तळघरातला शाट्झ, नाव गाळलेली एलिझाबेथ आणि डोस ठाऊक नसताना हात पुढे करणारी ती एकवीस वर्षांची पोरही आहे. त्यांचीही आठवण काढा.