थट्टेस पात्र झालेला विश्वास

उत्तम शुक्रवारी आपल्या मंडळ्यांत बाविसावे स्तोत्र वाचण्यात येते. त्यातील दुःखी मनुष्याच्या देहाची वेदना सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु शत्रूंनी त्याच्या कोणत्या गोष्टीची थट्टा केली, इकडे आपले लक्ष थोडे जाते. त्यांनी त्याच्या भरवशाचीच थट्टा केली. ह्याने परमेश्वरावर भिस्त ठेवली आहे, तर परमेश्वराने ह्याला सोडवून दाखवावे, असा त्यांचा टोमणा होता. त्या ठिकाणी मूळ इब्री शब्दाचा अर्थ लोटणे असा आहे. जड ओझे आपल्यावरून लोटून दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, तसे. ज्याने आपले ओझे देवावर लोटले, त्याला लोक हसतात आणि देव तर उगाच दिसतो, हे ह्या स्तोत्राचे खरे दुःख होय. हे दुःख ज्याने आपल्या आयुष्यात ओळखले, त्या मार्टिन लूथर याचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगतो.

लूथर याचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आयस्लेबेन गावी झाला. बाप खाणींच्या धंद्यात होता. मुलाने कायदा शिकावा अशी त्याची इच्छा होती. परंतु १५०५ साली वादळात जवळच वीज पडल्याने भयभीत होऊन लूथर याने संन्यासी होण्याचा नवस केला व एर्फुर्ट येथील मठात प्रवेश केला. तेथे स्तोत्रे नित्य म्हणावी लागत. त्यामुळे ती त्याच्या जिभेवर बसली. मनाला मात्र शांती नव्हती. १५१२ साली तो विटेनबर्ग येथे शास्त्राचा आचार्य झाला आणि पुढल्याच वर्षी स्तोत्रांवर व्याख्याने देऊ लागला. १५१७ साली पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध त्याने पंचाण्णव मुद्दे मांडले, हे आपण जाणतोच.

१५१९ साली त्याने स्तोत्रांवर पुन्हा भाष्य लिहावयास घेतले. ह्याच काळात रोमेहून त्याच्यावर आज्ञापत्र निघाले. १५२० सालच्या त्या पत्राचा आरंभ स्तोत्रांतील शब्दांनी केलेला होता, आणि देवाच्या द्राक्षमळ्यात शिरलेल्या रानडुकराची उपमा त्याला दिली होती, तीही स्तोत्रांतलीच. ज्या ग्रंथाने त्याला जीवन दिले, त्याच ग्रंथाचे शब्द त्याच्यावर दगडांसारखे आले. पुढे १५२१ च्या एप्रिल महिन्यात त्याला वर्म्स येथे बादशहा पाचवा चार्ल्स ह्याच्यासमोर उभे राहावे लागले. त्याने एक दिवसाची मुदत मागितली, आणि दुसऱ्या दिवशी आपले लेख मागे घेण्यास नकार दिला. ह्या धामधुमीत भाष्याचे काम बाविसाव्या स्तोत्रापुढे गेले नाही.

त्या भाष्यात लूथर याने एक गोष्ट निक्षून सांगितली. वधस्तंभावर प्रभूने ह्या स्तोत्राचे पहिले शब्द उच्चारले, ते केवळ आपल्याला धडा घालून देण्यासाठी नव्हेत. टाकून दिले जाण्याचे दुःख त्याने खरोखर भोगले. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाहा, स्तोत्रातील टोमणाच प्रभूला मारण्यात आला. त्याने त्यास उत्तर दिले नाही. खालीही उतरला नाही. त्याने फक्त देवाला आपला देव म्हटले. टाकलेला असताही देवाला आपला म्हणणे, हाच तो विश्वास.

लूथर याला बाहेरच्या निंदकांची वाण नव्हती. १५२९ साली एका विरोधकाने तर त्याचे सात डोक्यांचे चित्र छापून प्रसिद्ध केले. परंतु अंतःकरणातील निंदक अधिक कठोर होता. तू एकटाच शहाणा, आणि इतक्या पिढ्या सगळे चुकले काय, हा विचार त्याला वारंवार छळी. १५२७ च्या जुलैत तो असा खचला की मरण आले असे त्याला वाटले. त्यानंतर लगेच विटेनबर्गात प्लेगाची साथ आली. पुष्कळ लोक निघून गेले, लूथर राहिला. पत्नी काथरीना गरोदर होती, तरी त्याचे घर रोग्यांसाठी इस्पितळ बनले. डिसेंबरात जन्मलेली कन्या एलिझाबेथ पुढच्या वर्षी वारली. विश्वासाने संकट टळले नाही. संकटात सेवा मात्र घडली.

येथेच आम्ही थांबलो असतो तर लेखणी सुखी झाली असती; पण सत्य सांगितले पाहिजे. ज्या यहुदी लोकांनी हे स्तोत्र जपून ठेवले आणि ज्यांच्यात प्रभू देहाने जन्मला, त्यांच्याविरुद्ध लूथर याने १५४३ साली अत्यंत विषारी पुस्तक लिहिले. त्यांची सभास्थाने जाळावीत असा सल्ला दिला. थट्टा सोसलेला मनुष्य स्वतः थट्टा करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचे नाव धारण करणाऱ्या अमेरिकेतील इव्हँजेलिकल लूथरन मंडळीने १९९४ साली ही वचने उघडपणे नाकारली, हे योग्यच झाले. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी लूथर आपल्या जन्मगावीच मरण पावला.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाचे लेकरू आजारी पडते, कोणाची विहीर आटते, आणि शेजारी विचारतात की तुमचा देव आता कोठे आहे. त्या वेळी वादात जिंकण्याची खटपट करू नये. उत्तर सुचले नाही म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. तो टोमणा आपल्या आधी प्रभूने ऐकला आहे. त्या स्तोत्राचा शेवटही पाहावा: तेथे निंदकांचा सूड नाही, दीन जन जेवून तृप्त होतात आणि दूरदूरची राष्ट्रे देवाकडे वळतात. म्हणून आपणही दोन गोष्टी सांभाळू या: हसणाऱ्यांपुढे देवाला आपला म्हणणे, आणि दुसऱ्याच्या भक्तीला कधीही न हसणे.