मुंगीएवढ्या नायकाचे चित्रकार

आकार बदलणाऱ्या ‘अँट-मॅन’ला प्रथम कागदावर उतरविणारे चित्रकार म्हणजे जॅक कर्बी. मूळ नाव जेकब कुर्त्झबर्ग. न्यूयॉर्कमधील गरीब ज्यू स्थलांतरितांच्या घरात २८ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांचा जन्म झाला. जो सायमन यांच्यासह त्यांनी ‘कॅप्टन अमेरिका’ घडविला आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये प्रत्यक्ष लढाईही अनुभवली.

जानेवारी १९६२ च्या ‘टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश’च्या २७ व्या अंकात वारुळात अडकलेला शास्त्रज्ञ हँक पिम त्यांनी रेखाटला. कथा स्टॅन ली व लॅरी लीबर यांची; पण मुंग्यांचे अक्राळविक्राळ रूप कर्बींच्या रेषेचे. ३५ व्या अंकात पिम ‘अँट-मॅन’ झाला, तर ४९ व्या अंकात महाकाय ‘जायंट-मॅन’. या मालिकेची गोडी चाखायची, तर हे तीन अंक आधी वाचावेत.

कर्बींना मोबदला मिळाला तो पानांच्या हिशेबाने. पात्रांवर हक्क मात्र मिळाला नाही. मूळ चित्रांसाठी ते वर्षानुवर्षे झगडले. १९८७ मध्ये त्यांतील काहीच परत मिळाली. ६ फेब्रुवारी १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘मार्व्हल’ने त्यांच्या वारसांशी तडजोड केली ती २०१४ मध्ये. नायक क्षणात महाकाय झाला. त्याच्या चित्रकाराला न्याय मिळण्यास मात्र अर्धशतक लागले.