आगीला शिस्त लावणारा माणूस

१९९० सालचा ऑगस्ट. इराकने कुवेत गिळले आणि त्याची धग आमच्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत यायला फार दिवस लागले नाहीत. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, छत्रपती संभाजीनगर व्हायला अजून तीन दशके जायची होती. मी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात भट्टी आणि बॉयलर सांभाळणारा तरुण इंजिनिअर होतो. फर्नेस ऑइल महागले, वेळेवर मिळेनासे झाले आणि वरून हुकूम आला की तेल वाचवा. आमच्या भट्टीचा जुना बर्नर तेल प्यायचा आणि धूर ओकायचा. नवा विकत घ्यायला पैसे नव्हते. बॉयलरची वाफ हाताशी होती. वाफेने तेल फोडून जाळणारा बर्नर आपणच बनवू, असे मी छातीठोकपणे सांगून टाकले.

बर्नर बनला. पहिले चार दिवस त्याने माझी मान ताठ ठेवली. ज्योत पांढुरकी पिवळी, चिमणीतून धूर जवळजवळ नाही. पाचव्या दिवशी सकाळच्या शिफ्टला ज्योत फडफडली आणि विझली. वाफेच्या नळात रात्रभर साचलेले पाणी एकदम बर्नरमध्ये आले होते. वाफ थांबली तरी तेल थांबले नाही. ते तापलेल्या विटांवर पडून त्याची वाफ भट्टीत कोंडत राहिली. आमच्या हेल्परने, पैठण तालुक्यातल्या एका अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने, सवयीप्रमाणे पेटता बोळा आत धरला. भडका बाहेर आला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

नळाच्या खालच्या वळणावर साचलेले पाणी काढून टाकणारा ट्रॅप बसवायला हवा होता. घाईत आणि काटकसरीच्या नादात मी तो वगळला होता. चूक माझी होती आणि हात त्याचा भाजला होता. आज निवृत्तीनंतर हे लिहितानाही ती गोष्ट हलकी होत नाही.

त्याच सुमारास सोव्हिएत पुस्तकांच्या एका प्रदर्शनात मीर प्रकाशनाचे एक पुस्तक हाती लागले. त्या काळी ही जाडजूड तांत्रिक पुस्तके चहा-भज्यांच्या किमतीत मिळत. त्यात वाफेच्या बर्नरची एक साधी आकृती होती आणि खाली नाव होते शुखोव. तेव्हापासून या माणसाच्या मागे मी लागलो, तो आजतागायत. रशियात त्याचे नाव मानाने घेतात. आपल्याकडे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी त्याला त्याच्या मनोऱ्यांमुळे ओळखतात. भट्टीवाल्यांनी मात्र त्याला विसरू नये, म्हणून हा प्रपंच.

व्लादिमिर ग्रिगोर्येविच शुखोव याचा जन्म १८५३ साली कुर्स्क प्रांतातल्या ग्राइवोरोन या छोट्या गावी झाला. शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या शाळेत आणि पुढे मॉस्कोच्या शाही तांत्रिक विद्यालयात. या विद्यालयाची एक रीत मोलाची होती. गणित आणि यंत्रशास्त्र जितके कसून शिकवायचे, तितकेच मुलांना कार्यशाळेत कानस आणि हातोडा घेऊन उभे करायचे. या कार्यशाळेतच, विद्यार्थी असताना, शुखोवने आपला बर्नर बनवला.

त्याच्यापुढे कोणता प्रश्न होता, हे समजायला कास्पियन समुद्राकाठच्या बाकूला जावे लागेल. तिथे जमिनीतून काढलेले तेल तापवून त्यातून दिव्याचे तेल, म्हणजे आपले रॉकेल, वेगळे काढत. ते निघाले की मागे राही काळा, चिकट, काकवीसारखा गाळ. त्याला माझुत म्हणत. बाकूच्या तेलात रॉकेलचा वाटा कमी, माझुतच जास्त. शंभर पिंपे तेल आणले की सत्तरच्या आसपास पिंपे नको असलेले. मग ते खड्ड्यात ओतून पेटवून द्यायचे, नाहीतर समुद्रात सोडायचे. त्याच वेळी व्होल्गेवरच्या आगबोटी लाकूड जाळत होत्या आणि जंगले उघडी पडत होती.

मग माझुतच का जाळू नये? इथेच मेख आहे. तेल कधीच तेल म्हणून जळत नाही, जळते ती त्याची वाफ. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये आपण पंप मारतो आणि तापलेल्या नळीत तेलाची वाफ होते, म्हणून निळी ज्योत मिळते. माझुत इतका जड की त्याची सहज वाफ होत नाही, उलट नळीत कोळसा धरतो. परातीत ओतून पेटवला तर वरवर जळतो आणि सारा परिसर काजळून टाकतो. यावर एकच उपाय, तो म्हणजे त्याचे बारीक तुषार करणे. हिशेब करून पाहा. चार मिलिमीटर व्यासाचा एक थेंब फोडून एक दशांश मिलिमीटरचे थेंब केले, तर ते चौसष्ट हजार होतात. तेल तितकेच, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग चाळीस पट. मग असा प्रत्येक कण उडता उडताच तापतो, वाफ होतो आणि जळून जातो. भिंतीपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे काही उरत नाही.

हे फोडण्याचे काम शुखोवने वाफेला दिले. एकात एक बसवलेल्या दोन नळ्या. एकीतून तेल, दुसरीतून दाबाची वाफ. तोंडाशी अरुंद फट, ती कमीजास्त करता येणारी. त्या फटीतून वाफ विलक्षण वेगाने बाहेर पडते आणि तेलाच्या धारेला चिंधड्या करून पुढे फेकते. जाताना आसपासची हवाही ओढून घेते. चुलीपुढे बसलेली आपली आजी फुंकणीने जे करायची, त्याचेच हे थोर रूप. वाफ बॉयलरचीच, म्हणजे बॉयलर आपल्या पोटातली थोडी वाफ देऊन आपलीच आग फुलवतो. पहिल्या खेपेला तेवढी लाकडे पेटवून वाफ धरायची, की झाले.

हे प्रथम त्यालाच सुचले असे नाही. रशियातच श्पाकोव्स्कीने १८६० च्या दशकात तेलाचे तुषार जाळून पाहिले होते. पुढे ग्र्याझी-त्सारित्सिन रेल्वेवर टॉमस अर्कहार्ट या इंग्रजी बोलणाऱ्या इंजिनिअरने स्वतःच्या धर्तीच्या बर्नरवर शंभराहून अधिक इंजिने माझुतावर चालवली. शुखोवचे वेगळेपण होते ते साधेपणात. त्याचा बर्नर कोणत्याही गावच्या लोहाराला बनवता येई, कोणत्याही खलाशाला साफ करता येई. म्हणून तो पसरला. रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने कारखानदारीवरच्या आपल्या १८९७ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर या बर्नरचे चित्र छापले. गंमत अशी की तेल नुसते जाळणे म्हणजे नोटा पेटवून चूल धगवणे, असे मानणारा हाच मेंडेलीव्ह होता.

पदवी मिळाली १८७६ मध्ये, सुवर्णपदकासह. चेबिशेवसारख्या थोर गणितज्ञाने त्याला आपल्याबरोबर संशोधनाला बोलावले. शुखोवने नम्रपणे नकार दिला. त्याच वर्षी विद्यालयाच्या शिष्टमंडळाबरोबर तो फिलाडेल्फियाचे प्रदर्शन पाहायला अमेरिकेला गेला. तिथे त्याची गाठ पडली अलेक्झांडर बारी या उद्योजक इंजिनिअरशी. परतल्यावर रेल्वेच्या कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी लष्करी वैद्यकीय अकादमीत व्याख्याने, असा त्याचा दिनक्रम होता. डॉक्टर व्हावे असेही त्याच्या मनात होते. दोन्हीकडे जळून प्रकृती ढासळली. इतक्यात बारी रशियात आला आणि १८७८ साली शुखोव त्याच्या कामावर बाकूला पोहोचला.

पंचविशीतल्या या पोराने तिथे नोबेल बंधूंसाठी रशियातली पहिली तेलवाहिनी टाकली. बालाखानीच्या विहिरींपासून शुद्धीकरण कारखान्यांपर्यंत सुमारे दहा किलोमीटर. तोवर हे तेल पिंपांतून आणि बुधल्यांतून गाड्यांवर लादून जाई. गाडीवानांच्या पोटावर पाय आला, त्यांनी नळ फोडले आणि शेवटी त्यावर पहारे बसवावे लागले. मलिक अंबरच्या खापरी नळांच्या गावात राहणाऱ्या आम्हाला नळाची महती सांगायला नको, पण नळ आला की पखालवाल्याचे काय होते, हा प्रश्न बाकूलाही चुकला नाही. पुढे घट्ट माझुत नळातून वाहावा म्हणून तो तापवून पाठवण्याची युक्ती त्याने काढली. तेल साठवायला त्याने गोल लोखंडी टाक्या बांधल्या. तळ पातळ पत्र्याचा आणि तो थेट वाळूवर टेकवलेला. भिंत खाली जाड आणि वर वर पातळ होत जाणारी, कारण तेलाचा दाब तळाशी जास्त. लोखंड वाचले, टाकी टिकली. मनमाडजवळ पानेवाडीला तेलाच्या टाक्यांची रांग दिसते ना, त्या याच कुळातल्या.

बाकूचे तेल लवकरच दूर जाऊ लागले. १८८० च्या दशकात रशियन रॉकेल मुंबईच्या बंदरात उतरू लागले आणि अमेरिकन तेलाशी त्याची चढाओढ जुंपली. पणतीची जागा चिमणीने घेतली, त्या बदलामागे या माणसाचाही हात आहे.

१८९१ मध्ये शुखोवने गाव्रिलोव याच्यासह आणखी एक पेटंट घेतले. जड तेलाला दाबाखाली तापवून त्याचे रेणू तोडायचे आणि हलके तेल मिळवायचे. यालाच पुढे क्रॅकिंग म्हणू लागले. ज्या माझुतला जाळायची वाट त्याने दाखवली, त्याच माझुतपासून अधिक मोलाचे काही काढायची वाटही त्यानेच दाखवली. तेव्हा मोटारी नसल्यातच जमा होत्या, पेट्रोलला गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे ते पेटंट पडून राहिले. अमेरिकेत बर्टनचे पेटंट १९१३ साली निघाले आणि त्यावर अफाट पैसा उभा राहिला. नंतर तिथल्या कंपन्या एकमेकींशी कोर्टात भांडू लागल्या, तेव्हा त्यांना या मॉस्कोच्या म्हाताऱ्याची आठवण झाली.

आता थोडे मनोऱ्यांविषयी. आपल्याकडचा वेताचा मोढा पाहा. सगळ्या काड्या सरळ, पण तिरप्या बांधलेल्या, म्हणून मधे कंबर आलेली. वजनाला हलका आणि बसायला भक्कम. शुखोवच्या कचेरीत उलट्या टोपलीवर ठेवलेली जड कुंडी पाहून त्याला कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, १८९६ साली निझ्नी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनात त्याने सरळ लोखंडी पट्ट्यांचा असा जगातला पहिला मनोरा पाण्याच्या टाकीसाठी उभा केला. तो आजही पोलिबिनो गावी आहे. हिशेब तोच, कमी सामानात जास्त काम.

मग क्रांती आली. बारी १९१३ मध्येच वारला होता. कारखाना सरकारजमा झाला. अनेक इंजिनिअर देश सोडून गेले, शुखोव गेला नाही. १९१९ साली त्याने साडेतीनशे मीटर उंच रेडिओ मनोऱ्याचा आराखडा केला. यादवी चालू, लोखंडाचा दुष्काळ. अखेर दीडशे मीटरला मंजुरी मिळाली, म्हणजे आपल्या दौलताबादच्या चांदमिनाराच्या दुपटीहून अधिक. परांची न बांधता एकेक टप्पा आतल्या बाजूने वर ओढून घ्यायचा, दुर्बिणीच्या नळ्या बाहेर काढाव्यात तसा. जून १९२१ मध्ये चौथा टप्पा चढवताना दोर तुटला आणि खालचे टप्पे मोडले. चौकशी झाली. दोष थकलेल्या धातूचा होता, आराखड्याचा नव्हता. तरीही शुखोवला मृत्युदंड सुनावला गेला, पण स्थगित. म्हणजे मनोरा पुरा कर, मग पाहू. अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने डोक्यावर टांगती तलवार घेऊन काम संपवले. १९ मार्च १९२२ रोजी शाबोलोव्काच्या त्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण सुरू झाले. शिक्षा अमलात आली नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. माझी चूक खरी होती आणि मला कोणी शिक्षा केली नाही. त्याची चूक नव्हती आणि त्याला मरणाची शिक्षा झाली. तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेला तोच.

१९२९ मध्ये मानसन्मान मिळाले. १९३२ साली समरकंदच्या उलुग बेग मदरशाचा कललेला मिनार त्याच्या योजनेने सरळ करण्यात आला. आणि १९३९ च्या जानेवारीअखेर, पंचाऐंशीव्या वर्षी, घरात एक मेणबत्ती कलंडली. अंगावरच्या कपड्याला कोलन-वॉटर लागलेले होते, त्याने पेट घेतला. काही दिवस यातना सोसून २ फेब्रुवारीला तो गेला. बाकूपासून व्होल्गेपर्यंत हजारो भट्ट्यांतली आग ज्याने मुठीत धरली, त्याला एका मेणबत्तीने नेले.

पुष्कळांना यात नियतीचा क्रूर विनोद दिसतो. मला तसे वाटत नाही. आग कोणाची ओळख ठेवत नाही, एवढेच मला त्यात दिसते. तुम्ही तिला काल किती शिस्त लावली, याच्याशी तिला आज देणेघेणे नसते.

आमच्या त्या बर्नरला पुढे ट्रॅप बसला. तेलाआधी वाफ बंद होणार नाही अशी झडप बसली आणि पुन्हा पेटवण्यापूर्वी पाच मिनिटे पंख्याने भट्टी झाडून घ्यायचा नियम मी स्वतःच्या हाताने पाटीवर लिहून लावला. तेलाची बचत झाली. हेल्परचा हात बरा झाला, पण कातडी आखडलेलीच राहिली. पुढे तो माझ्याच हाताखाली भट्टीचा मिस्त्री झाला आणि कोणी नवा पोरगा आला की आधी त्याला त्या पाटीपुढे उभा करायचा. मग बाही वर सारून आपला हात दाखवायचा. बोलायचा काही नाही.

ती भट्टी आता नाही, तिच्या जागी विजेवर चालणारी आली. पाटी मात्र मी निवृत्त होताना मागून घेतली. ती माझ्या टेबलाशेजारी आहे आणि तिच्या खाली, त्या जुन्या पुस्तकातून उतरवलेली दोन नळ्यांची आकृती.