आचार्य प्रफुल्लचंद्र राय : हाडांपासून क्षार बनवणारे शिक्षक

आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी तयार होतं, हे आपली मुलं घडाघडा म्हणतात. पण एका शिक्षकाने याच अभिक्रियेतून उद्योग उभा केला, हे त्यांना सांगितलंत का?

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी बंगालमधील राडुली (आता बांगलादेश) येथे झाला. एडिंबरो विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी सल्फेट क्षारांच्या अभ्यासावर मिळवली. १८८९ पासून ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. तेव्हा औषधी रसायनं विलायतेहून यायची. ती इथेच का करू नयेत, असं त्यांना वाटे.

मग त्यांनी गुरांची हाडं आणून गच्चीवर वाळत घातली. दुर्गंधीने शेजारी वैतागले, पण त्यांनी नाद सोडला नाही. आता कृती बघा. हाडांच्या राखेत कॅल्शियम फॉस्फेट असतं, ते पाण्यात विरघळत नाही. त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की कॅल्शियम सल्फेटचा साका खाली बसतो आणि फॉस्फरिक आम्ल द्रावणात उतरतं. ते गाळून घ्यायचं, सोड्याने उदासीन करायचं, पुन्हा गाळून आटवायचं. थंड झालं की सोडियम फॉस्फेटचे स्फटिक मिळतात. हा विद्राव्य क्षार तेव्हा औषध म्हणून वापरत.

अशा घरगुती प्रयोगांतूनच बेंगॉल केमिकल सुरू झाली. १९०१ मध्ये तिची मर्यादित कंपनी झाली. १६ जून १९४४ रोजी आचार्यांचं निधन झालं.

वर्गात मोरचुदाचे निळे स्फटिक करून दाखवाल, तेव्हा द्रावण थंड होईपर्यंत ही गोष्ट नक्की सांगा.