अब्राहम लिंकन आणि नव्या जमिनीचे भांडण

अब्राहम लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. वडिलांचे नाव थॉमस व आईचे नाव नॅन्सी होते. सारा नावाची मोठी बहीण होती. घर म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांचे एकच खोलीचे खोपट. वडील शेती करत, सुतारकामही करत.

त्या काळी अमेरिकेतले गोरे लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत होते. गाडीत संसार भरायचा, जंगल तोडायचे आणि नवी शेती करायची. पण ती जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. तिथे आधीपासून आदिवासी राहत होते. त्यांना मागे ढकलत हे लोक पुढे जात. म्हणून झगडे होत. अशाच एका झगड्यात लिंकनचे आजोबा शेतात काम करताना मारले गेले. तेव्हा थॉमस लहान होते.

पुढे थॉमस यांच्या जमिनीच्या कागदपत्रांत घोळ निघाला. म्हणून १८१६ साली ते बायकामुलांना घेऊन ओहायो नदीपलीकडे इंडियानात गेले. आणखी एक कारण होते. केंटकीत गुलाम ठेवायची मुभा होती, इंडियानात नव्हती. दिवस थंडीचे होते. सुरुवातीला तीन बाजू बंद आणि एक बाजू उघडी अशा छपराखाली सगळे राहिले. उघड्या बाजूला शेकोटी पेटती ठेवायची. सात वर्षांच्या अब्राहमच्या हातात कुऱ्हाड आली.

१८१८ साली त्याची आई वारली. त्याचे कारण वाचून मी चकित झालो. तिथल्या गाई रानात चरायच्या. रानात पांढऱ्या फुलांचे एक विषारी झाड उगवायचे. गाईने ते खाल्ले की विष दुधात उतरायचे आणि दूध पिणारा माणूस आजारी पडायचा. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. अब्राहम तेव्हा नऊ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान.

पुढच्या वर्षी सावत्र आई आली. पण ती गोष्टीतल्या सावत्र आईसारखी नव्हती. तिने अब्राहमला जीव लावला, वाचू दिले. त्याची सगळी शाळा मिळून एक वर्षसुद्धा झाली नाही. बाकी तो पुस्तके मागून आणून शिकला. एकदा मागून आणलेले पुस्तक पावसात भिजले, तर त्याने मालकाच्या शेतात राबून भरपाई केली, असे सांगतात.

मोठेपणी त्यांनी होडीतून माल नेला, दुकान काढले. दुकान बुडाले. ते कर्ज त्यांनी कित्येक वर्षे फेडले. मग पोस्टमास्तर झाले, जमीन मोजायचे काम केले आणि १८३६ साली वकिलीची सनद मिळवली. तेव्हा ते इलिनॉय राज्यात राहत होते. १८४१ साली आगबोटीतून जाताना त्यांनी साखळीला अडकवलेले बारा गुलाम पाहिले. आईबाप, बायकापोरे सोडून त्यांना लांब दक्षिणेला नेत होते. बरीच वर्षे झाली तरी लिंकन ते विसरले नाहीत.

आता भांडणाचे सांगतो. दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाचे मोठे मळे होते आणि त्यांवर काळे लोक गुलाम म्हणून राबत. उत्तरेकडे गुलामगिरी बंद होत गेली होती. पश्चिमेला नवे राज्य झाले की त्यात गुलाम ठेवायचे की नाही? ज्याची राज्ये जास्त, त्याची मते जास्त. म्हणून दोघेही हटून बसले. १८२० साली तडजोड झाली. पश्चिमेच्या मोठ्या मुलखात एक रेघ ठरवली आणि तिच्या उत्तरेला गुलामगिरी नको असे ठरले. मात्र मिसुरी राज्याला त्यातून सूट दिली. १८४८ साली मेक्सिकोशी लढाई जिंकून अमेरिकेला कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख मिळाला आणि भांडण आणखी वाढले. १८५४ साली स्टीफन डग्लस नावाच्या पुढाऱ्याने कायदा करून ती जुनी रेघच पुसली. कॅन्सस आणि नेब्रास्का इथल्या लोकांनी आपले आपण ठरवावे असे झाले. मग दोन्हीकडचे लोक कॅन्ससमध्ये घुसले आणि मारामाऱ्या, खून सुरू झाले.

लिंकन तेव्हा वकिलीत गुंतले होते. या कायद्याने ते पुन्हा राजकारणात आले. १८५८ साली त्यांनी डग्लसशी सात ठिकाणी जाहीर वाद केले. एकेक वाद तीन तास चाले. तरी ते हरले. दोन वर्षांनी, १८६० साली, ते देशाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याआधी अकरा वर्षांच्या एका मुलीने त्यांना दाढी ठेवायला पत्राने सुचवले होते. त्यांनी ती खरंच ठेवली!

ते गादीवर बसायच्या आधीच दक्षिणेची सात राज्ये फुटली. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि आणखी चार राज्ये फुटली. मला वाटायचं की लिंकन आले आणि लगेच गुलामगिरी गेली. तसे नाही. जुन्या राज्यांतली गुलामगिरी राहू द्यायला ते आधी तयार होते. नव्या जमिनीत ती नको आणि देश फुटू नये, एवढाच त्यांचा हट्ट होता. पण गुलाम स्वतःच मळे सोडून उत्तरेच्या सैन्याकडे पळून येऊ लागले.

१८६२ हे वर्ष फार वाईट गेले. फेब्रुवारीत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापाने वारला. त्याच वर्षी पश्चिमेत घर बांधून पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर देण्याचा कायदा झाला. गरिबांना जमीन मिळाली, पण ती आदिवासींचीच होती. मिनेसोटात डकोटा आदिवासी उपाशी मरू लागले, कबूल केलेले पैसेही वेळेवर आले नाहीत, तेव्हा त्यांनी उठाव केला. त्यात पुष्कळ गोरी कुटुंबे मारली गेली. सैन्याने ३०३ जणांना फाशी सांगितली. लिंकननी सगळे कागद तपासायला लावले आणि बहुतेकांची फाशी थांबवली. तरी २६ डिसेंबरला एकदम ३८ जण फाशी गेले. हे वाचून मला वाईट वाटले.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, लिंकननी फुटलेल्या राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. सकाळपासून शेकडो लोकांशी हात मिळवून त्यांचा हात थरथरत होता. सही वाकडी आली तर लोकांना वाटेल की हा माणूस कचरला. म्हणून ते क्षणभर थांबले आणि मग सावकाश सही केली. पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले.

युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. पाचच दिवसांनी लिंकन नाटक पाहत असताना बूथ नावाच्या नटाने त्यांना मागून गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. त्यांचे वय ५६ होते. डिसेंबर १८६५ मध्ये घटना बदलून सगळ्या देशातली गुलामगिरी बंद झाली. ते पाहायला ते नव्हते.

ही बातमी आपल्या पुण्यातही पोचली होती. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या चांगल्या लोकांना ते अर्पण केले.